पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी

पहिलं रक्त सांडेपर्यंत बैठक अगदी सुरळीत चालली होती.

सुट्टीचा दिवस होता. पहिलीच्या वर्गात, पहिलीच्याच खुर्च्यांवर, चार मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती. प्राथमिक शाळेला नव्या खोल्या जोडायच्या होत्या. आराखडा सूनबाईंचा, जुनी शाळा सासऱ्यांनी बांधलेली. दोघांच्या मधे नवरा. लग्नापासून त्याची जागा तीच. समोर मुख्याध्यापिका. होय किंवा नाही म्हणायचं ते त्यांनी.

नव्या खोल्या तिथल्याच मातीच्या, दाबून केलेल्या विटांच्या. छतावरचं पाणी टाकीत. थंडाव्याचं यंत्र एकही नाही. गारवा वाऱ्याने आणायचा. वारा मात्र पश्चिमेकडून यायचा आणि जुन्या शाळेच्या भिंतीवर डोकं आपटून माघारी जायचा. पहिलीच्या याच वर्गाच्या त्या भिंतीला खिडकीच नव्हती. पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी ती ठेवलीच नव्हती.

"इथे खिडकी पाडली नाही तर नव्या खोल्यांच्या भट्ट्या होतील," सूनबाई म्हणाल्या.

"मग खिडकी नाही तर आराखडा नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मी मुलं भाजायला देणार नाही."

"माझ्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही," सासरे म्हणाले.

"बाबा, तिच्यावर छताचा भार नाही. नुसती उभी आहे ती."

"तुझा नवराही नुसताच उभा असतो. त्याला पाड की!"

नवऱ्याने मान डोलावली. कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

सासऱ्यांनी टेबलावरची नमुन्याची वीट उचलली. "आणि हा चिखल माझ्या शाळेला चिकटवणार?" असं म्हणत त्यांनी ती अशी आपटली की विटेचा भुगाच व्हावा. वीट शाबूत राहिली. नवऱ्याच्या पायाचा अंगठा फुटला.

"बघितलंत?" सूनबाई म्हणाल्या. "टवकासुद्धा उडाला नाही."

"माझा उडाला ना," नवरा कळवळला. त्याच्या चपलेत रक्त साचत होतं.

भिंत तपासायला आणलेला घण छिन्नी-हातोडीशेजारी कोपऱ्यात होता. सूनबाईंनी तो उचलला. सासरे भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

"आधी मला फोड!"

"सरका, बाबा."

"नाही सरकत!"

घण त्यांच्या कानाशेजारी बसला. गिलावा उडून मिशीत गेला. सासऱ्यांनी तिचं मनगट दातांत धरलं. या वयात सगळे दात स्वतःचे, याचा त्यांना एरवी फार अभिमान होता. सूनबाईंनी दुसऱ्या हाताचं कोपर त्यांच्या नाकावर हाणलं. आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

"हाताची घडी!" मुख्याध्यापिका सवयीने ओरडल्या. एकट्या नवऱ्याने घातली.

सासरे नाक धरून बाजूला झाले आणि सूनबाईंनी भिंतीच्या बरोबर मधोमध घण घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला वीट पलीकडे पडली आणि भगदाडातून उजेड आला. ते पाहून सासऱ्यांचा चेहरा असा पिळवटला, की मोडलेल्या नाकाचं त्यांना भानच राहिलं नाही.

"हे काय करतेस?"

"खिडकी."

"अशी? थेट पोटात?"

चौथा घाव बसला. सासऱ्यांनी झडप घालून तिची वेणी पकडली आणि तिला फरशीवर आदळलं. तिने पडल्या पडल्या त्यांच्या नडगीवर लाथ घातली. तेवढ्यात वरच्या विटा सुटल्या आणि क्षणापूर्वी सूनबाई उभ्या होत्या तिथे धाडधाड कोसळल्या. खुर्चीचे दोन तुकडे झाले. आभार कुणी मानले नाहीत.

"आधी वर खाच पाडायची!" सासरे गरजले. "तिच्यात तुळई सरकवायची. मग खालचं काढायचं. कुठल्या कसायाकडे शिकलीस?"

"घरातच."

"घण ठेव. छिन्नी दे."

"तुम्हाला भिंत हवी होती ना?"

"हवी होती. पण हे असं हाल करून मारणं मला बघवत नाही."

फळ्याशी खडू होता. पण तेवढं थांबायला कुणाला वेळ होता? सासऱ्यांनी नाकातलं रक्त बोटावर घेतलं आणि भिंतीवर चौकोन आखला, कोपरे काटकोनात. नवऱ्याने लंगडत बाक आणून वरच्या विटांना टेकू दिला. सासरे छिन्नीवर हातोडी मारू लागले. प्रत्येक ठोक्याला त्यांच्याच तोंडून हुंकार निघे, जणू मार त्यांना बसत होता.

भगदाडातून वारा आत आला. भिंतीवर चिकटवलेली पोरांची चित्रं फडफडली, मग एकेक सुटून रक्तात पडली.

मुख्याध्यापिकांनी तोंडावर वारा घेतला. "मंजूर," त्या म्हणाल्या. "पण आधी फरशी पुसा. वाळलं की निघत नाही."

"पुरे आता, बाबा," सूनबाई मनगट दाबत म्हणाल्या. "बाकीचं गवंडी करतील. बसा."

"रुंदी किती धरलीस?"

"दीड मीटर."

"दोन कर. मारायचीच आहे तर धुगधुगी कशाला ठेवायची?" सासऱ्यांनी हातोडी पुन्हा उचलली.