लोटन आबांचा कान

पारोळ्याच्या बाजारात लोटन आबांच्या खापरांचा मोठा बोलबाला. चुलीवर खापर उपडं ठेवायचं आणि त्याच्या पाठीवर रुमालाएवढी पुरणपोळी भाजायची. घरोघरी नॉनस्टिक तवे आले, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आली की पोळी खापरावरचीच लागते.

गिऱ्हाईक आलं की आबा खापरावर टिचकी मारत, मान तिरपी करत, डोळे मिटत आणि निकाल देत, "घंटानागत वाजस!" आता गंमत अशी, की आबांना गेली काही वर्षं धड ऐकूच येत नव्हतं. मागे पोत्यावर त्यांची बायको शेवंताबाई बसायची. खापर खणखणीत वाजलं की ती पायाचा अंगठा हळूच त्यांच्या पाठीला लावायची. नाही लावला, तर खापर तडकलेलं. नवऱ्याला पाय लावणं वाईट, पण धंदा म्हटलं की चालायचंच. हे गुपित फुटलं तर आपली कुंभारकी संपली, अशी आबांना धास्ती होती. बहिऱ्या कुंभाराचं खापर कोण घेणार?

आखाजीच्या आदल्या बाजारी आबांची जीभ जरा सैल सुटली. भागाबाई नेहमीचं गिऱ्हाईक. तिला म्हणाले, "याले कान लागस, कान! बाईमाणूसनं काम नई हाई."

मागे शेवंताबाईनं मुकाट्यानं पाय पोटाशी घेतले.

आबांनी खापर वाजवलं. पाठीला काही लागेना. दुसरं वाजवलं, तिसरं वाजवलं. एकेक खापर बाजूला जाऊ लागलं. अख्खी भट्टीच बिघडली की काय! आबांना घाम फुटला.

भागाबाईला आबांशी ओरडून बोलायची सवय. त्याच आवाजात ती म्हणाली, "आक्का, पाय सोडी बसा ना! तुमना अंगठा हालाशिवाय आम्ही खापर लेतस नई!"

आबांचा चेहरा पडला. "म्हंजे तुले माहीत शे?"

"बठ्ठा बाजारले माहीत शे!"

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग मन्हाकडथीन खापर काबर लेतस?"

"घडावतस तं तुमीनच ना, आबा!"

आबांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग थोडे बाजूला सरकले आणि मागे न बघता म्हणाले, "ये, पुढे बस."

शेवंताबाई भाव खात खात पुढे आली. बाजूला पडलेलं पहिलंच खापर तिनं वाजवून बघितलं आणि सगळ्यांदेखत अंगठा आबांच्या गुडघ्याला लावला.

"घंटानागत वाजस!" आबा म्हणाले. मान तिरपी करूनच.