मी हळदवाली उंदरीण

मित्रांनो, उंदीर म्हटलं की तुम्हाला गणपतीच्या पायाशी बसलेला आठवतो, नाहीतर तांदळाच्या डब्यामागे खुडबुडणारा. मी त्या दोघांपैकी नाही. रायपूरच्या एका प्रयोगशाळेत जन्मलेली मी काळी उंदरीण. आता मिशा विरळ झाल्या आहेत, पाठीवरचे केस गेले आहेत आणि इथे माझ्याएवढं म्हातारं कुणी उरलेलं नाही. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

लहानपण सुखाचं गेलं. पिंजऱ्यात खाली मऊ भुसा, वरच्या जाळीत खाणं, बाजूला पाण्याची बाटली. आमची निगा पांडुरंगकाका राखायचे. बीरगांवच्या एका कारखान्यात त्यांची उमर गेली होती. यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे आमच्याशीही ते मोठ्यानेच बोलत. "काय पोरीहो, झोप झाली का?" असं म्हणत दार उघडलं की आमचे कान उभे राहत.

मग डॉक्टर इरावतीताईंनी आम्हाला आजार दिला. हो, मुद्दाम दिला. त्याचं कारण ऐका.

माणसांना मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार होतो. शरीराचा पहारा करणाऱ्या काही पेशी बहकतात आणि मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडू लागतात. सदर बाजारातल्या सराफाचा पहारेकरी चोर सोडून आतल्या कारागिरांनाच झोडपू लागला तर काय होईल, तसंच ते. हातपाय सांगितलेलं ऐकत नाहीत. अशा वेळी सगळाच पहारा ढिला केला, तर खऱ्या चोरांना रान मोकळं मिळतं. म्हणून ताईंना असं औषध हवं होतं, जे फक्त बहकलेल्या पेशींना गाठेल आणि बाकीच्यांना त्यांचं काम करू देईल. ते माणसाला देण्याआधी आमच्यावर पाहायचं होतं.

ताईंना त्याची आस लागली होती. त्यांची थोरली बहीण मोनाली तात्यापाऱ्यात राहते. पूर्वी ती स्कूटीवरून सारं शहर पालथं घालायची. याच आजाराने तिची स्कूटी सुटली आणि ती भिंत धरून चालू लागली.

आधी माझी शेपटी लुळी पडली, नंतर मागचे पाय. जाळीतलं खाणं दिसायचं, पण उभं राहता येईना. अशा आजारी उंदरांचं खाणं पाण्यात भिजवून खाली वाटीत ठेवायचं, असा तिथला नियम. काका तो नीट पाळायचे. ताई आमच्या पिंजऱ्याला औषधाचं इंजेक्शन देत आणि शेजारच्या पिंजऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतं हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच दिसायचं, की मी पुढच्या दोन पायांवर अंग ओढत त्यांच्याकडे येते.

एका सकाळी वाटीतलं खाणं पिवळसर होतं. वास उग्र, पण भूक होती, मी खाल्लं. मग रोजच तसं मिळू लागलं. ताई येईपर्यंत आम्ही वाटी चाटून पुसून साफ करत असू.

हळूहळू पायांना जीव आला. एक दिवस ताईंनी मला उचललं आणि माझी शेपटी त्यांच्या बोटाभोवती घट्ट वळली. शेजारच्या पिंजऱ्यातल्या अजून तशाच पडून होत्या. ताईंचे डोळे भरले. त्यांनी खिशातून फोन काढला.

"ताई, दीदीले लावून राहिल्या का?" दारातून काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "थांबा जरा."

"काहून काका?"

"मी यांच्या वाटीत हळद टाकून राहिलो होतो. याच पिंजऱ्यात. इचं ते सरपटणं पाहवत नव्हतं मले."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. "मग हे औषधानं झालं का हळदीनं, मी कसं सांगू काका? विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं ना."

ताईंनी फोन लावलाच, पण सगळं खरं सांगितलं. पलीकडे मोनालीदीदी खळखळून हसल्या.

"अगं, हळदीचं दूध तं आई मले रोज पाजून राहिली! मी काहून नाही धावून राहिली मग?"

"दीदी, मजाक नको. पूर्ण प्रयोग पुन्हा करावा लागेल."

"तर कर ना. मी कुठं पळून जाऊन राहिली?"

ताई रडता रडता हसल्या.

मित्रांनो, एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. प्रयोग संपला की आमच्यासारख्यांना कायमचं झोपवतात आणि पाठीचा कणा तपासतात. पण आमचा पिंजरा हिशेबातूनच बाद झाला होता. ताईंनी वरिष्ठांची परवानगी काढून आम्हाला राहू दिलं. माझ्या सोबतिणी पुढे वयाने गेल्या. म्हातारपण मला असं एका चुकीतून मिळालं.

प्रयोग पुन्हा झाला. नव्या उंदरिणी, तेच औषध आणि वाटीत भिजवलेलं साधं खाणं. काका रोज वाटी ताईंना दाखवूनच आत ठेवत. मी माझ्या कोपऱ्यातून बघत होते. औषध मिळालेल्यांच्या शेपट्या एकेक करत पुन्हा उचलल्या गेल्या, मिठाच्या पाण्यावरच्यांच्या नाही. या वेळी ताईंनी निर्धास्त फोन लावला. माणसांपर्यंत पोचायला या औषधाला अजून लांबचा पल्ला आहे, हेही त्यांनी त्याच फोनवर सांगितलं. "चालंल," मोनालीदीदी म्हणाल्या, "खरी बातमी हाय ना? मग मी वाट पाहीन."

त्या नव्या उंदरिणी आता नाहीत. तुम्ही कधी औषधाची गोळी घ्याल, तेव्हा त्यांच्यासारख्यांना क्षणभर आठवा.

आणि आजाऱ्यावर माया जरूर करा, पण लपवून करू नका. जे द्याल ते त्याच्यावर इलाज करणाऱ्याला आधी सांगून द्या. काकांची माया खोटी नव्हती, पण मुकाट राहिल्यामुळे तिने मोनालीदीदींना जास्त वाट पाहायला लावली.

आता माझ्यावर कसलाच प्रयोग नाही. तरी काका दारातून त्यांच्या मोठ्या आवाजात ओरडतात, "ताई, म्हातारीले मटाराचा दाणा देऊ का?"

आतून उत्तर येतं, "द्या काका, दोन द्या."

दात कमी झालेत, म्हणून मी सावकाश खाते.