मोटेची ओळ

गिरधरकाकांची एकतीस गाणी गावाला तोंडपाठ होती. त्यांतल्या एकोणीस गाण्यांची ओळ लांब होती, बारा गाण्यांची तिच्या साधारण निम्मी. लांब ओळीची सगळी गाणी १९१८च्या मानमोडीच्या साथीआधीची, आखूड ओळीची सगळी साथीनंतरची. १९३२ साली विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं. त्यानंतरचं गाणं एकही नव्हतं.

१९३८च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन सारंगखेड्याला आलो, तेव्हा मीनाची हळद तोंडावर आली होती. गिरधरकाकांनी नातीला हळदीचं गाणं करून देण्याचा शब्द दिला होता आणि त्यांना पहिली ओळसुद्धा सुचत नव्हती. मीनाची आई कमलवहिनी. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, त्यामुळे ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून माझ्याशी बोलली.

"भाऊ, तुन्हा काकासले सांग, व्याही लोके आंगनमा बसतीन. त्यासले काय इंजिननी फटफट आयकाडू?"

काका दोन हातांच्या अंतरावर खाटेवर बसले होते. "तिले सांग, मी बहिरा नही शे."

"मंग गानं कुठे शे, ते इचार," वहिनी म्हणाली.

मी विचारलं. काका उठून गोठ्यात निघून गेले.

माझ्याकडे एक उपपत्ती होती. काकी मानमोडीत गेल्या, दुःखानं काकांचा श्वास आखडला, म्हणून ओळ आखडली. गोठ्यात जाऊन मी ती त्यांना सांगितली.

"शांत्या, येडा शे का तू? त्याच साली मन्ही जुनी जोडी बी गई. नवी उनी ती यात्राना घोडास्नामायक पये. बैल पयेत तशी ओळ पये."

काकांचं सगळं गाणं मोटेवर झालेलं. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, चामड्याची मोट भरून वर येई, आणि काका मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर, बसून गात. म्हणजे एकाच साली दोन गोष्टी बदलल्या होत्या: बायको गेली आणि हळू बैलांच्या जागी पळणारे आले. प्रयोगशाळेत अशा वेळी एक गोष्ट स्थिर धरतात.

"काका, मोट पुन्हा जुंपू. बैल मी हळू चालवतो."

"त्यानी काय व्हई?"

"ओळ लांबते का ते कळेल. आणि कोणी सांगावं, मीनाचं गाणंही सुचेल."

दुसऱ्या कशासाठी ते तयार झाले नसते. वाळून कडक झालेली मोट रात्रभर पाण्यात भिजवली. सकाळी इंजिन बंद ठेवलं.

बैलांच्या पुढे राहून मी त्यांना रोखून धरलं. जोडी उतारावरून रेंगाळत निघाली. काकांनी जुन्यांतलं एक लांब ओळीचं गाणं धरलं: "ये वं पानी काळ्या भुईवर..." आणि अर्ध्या उतारावरच गप्प झाले. बैल खाली पोचले, विहिरीकाठच्या थारोळ्यात मोटेचं पाणी ओतलं गेलं, बैल मागे सरू लागले. काका पाटाकडे बघत होते.

बैल हळू चालूनही ओळ अर्धीच राहिली; म्हणजे कारण बैल नव्हते.

"पुढचं म्हणा ना. 'कपाशी वाट देखस.'"

"ते मन्हं नही."

"म्हणजे?"

"ते तुन्ही काकीनं. ती पाटवर दारं धरे, पानी वाफास्मा सोडे. बैल खाले जात तवय मी म्हनू, मांगे सरत तवय ती म्हने. लोकेस्नी दोन्ही जोडीसन एक करी टाकं."

"आणि त्या गेल्यावर?"

"गडी हिलाल दारं धरे. काम चांगलं. पन गळा नही."

मी गोंधळलो. हे दुःख होतं, की दोघांच्या कामातली एक जागा रिकामी राहिली होती? हिलालला गळा असता तर ओळ लांबच राहिली असती का? आणि ज्यांना मी काकांची एकोणीस गाणी म्हणत होतो, ती कोणाची?

"म्हणजे दुःखामुळे नाही?"

"माले काय इचारस? उत्तर उनं नही, म्हनीसन मी थांबनू."

तेवढ्यात पाणी पाट फोडून वाटेवर आलं. हिलाल आता थकून घरीच असे, दारं धरायला कोणी नव्हतं. वहिनी शिव्या घालत फावडं घेऊन आली, त्या माझ्या नावानं.

"भाऊ, बी.एस्सी.मा पाट बांधाले शिकाडत नहीत का?"

तिनं माती ओढून दार बंद केलं आणि पाठमोरी उभी राहिली. काकांनी बैल पुन्हा लावले. या वेळी मी बाजूला झालो. बैल उतरू लागले आणि काकांच्या तोंडून मी कधी न ऐकलेलं आलं.

"मीना चालनी सासरले, भरी उनी इहीर..."

मोट रिकामी झाली. बैल मागे सरू लागले. काका पाटाकडे बघत नव्हते, त्यांनी मान खाली घातली होती.

पदर तसाच, तोंड कपाशीकडे, वहिनीनं सूर उचलला. सासऱ्याला तिनं थेट उत्तर दिलेलं मी तरी पहिल्यांदा ऐकत होतो.

"मांगे वळी देखू नको, माय धरस धीर."

बैलांनी उतरायला बारा सेकंद घेतले, मागे सरायला सतरा. ओळ एकोणतीस सेकंदांची होती.