मी सुटले त्या दिवशी

मी एक चिकटपट्टी आहे. पांढरी, कोरी, दोन बोटं रुंद. जन्मले कारखान्यात, पण माझं नशीब लिहिलं गेलं परदेशातल्या एका बैठकीत. कोसोव्होला देश मानायला सर्बिया तयार नाही, म्हणून गाड्यांच्या नंबरप्लेटवरून तंटा पेटला, रस्ते अडले. मग बड्या देशांच्या साहेबांनी तोडगा काढला: सीमेवर दोन्हीकडच्या गाड्यांनी प्लेटवरची देशाची खूण झाकायची. ती झाकायला मी!

कोसोव्होतल्या ग्यिलान गावच्या स्कंदेरने मला नाक्याजवळच्या टपरीवर घेतलं. पलीकडे, सर्बियातल्या प्रेशेव्होत, त्याची मावशी नादिरे राहायची. दर महिन्याला तो आईला, शाहेला, तिच्याकडे न्यायचा. नाका आला की उतरून मला पुढच्या प्लेटवर डकवायचा आणि पुटपुटायचा, "देश मिळाला, पण फिरायचं तोंड लपवून!"

"लाव रे मुकाट्याने," शाहे गाडीतून ओरडायची. "फ्लियाच्या धिरड्यांचे थर गार होतायत. नादिरे मला बोलेल, तुला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्या खुणेसाठी यांची माणसं लढाईत गेली, तिच्याच तोंडावर मी बसायचे.

एका सकाळी फोन आला. नादिरे गेली. दुपारच्या नमाजानंतर तिला घरातून नेणार होते. "मला तिचं तोंड बघायचंय," एवढंच शाहे म्हणाली. फ्लिया नाही, काही नाही, तशीच गाडीत बसली.

नाक्यावर ही रांग! ऊन तापलेलं, माझा डिंक सैल झालेला. तरी धरून राहता आलं असतं. खरं सांगते, आलं असतं. पण नेमकी त्याच दिवशी मला ऐट सुचली. एकदा तरी खूण उजेडात येऊ दे म्हणत मी अंग सोडलं.

सर्बियाचा पोलीस वाकला. "काका, पुढची पट्टी कुठाय?"

"आत्ताच लावली होती हो!" स्कंदेरने मला धुळीतून उचललं, दाबलं. मी चिकटेना. "मावशी गेलीय. आईला तरी सोडा."

"मलाही आई आहे, काका. पण वर कॅमेरा आहे. नवी घेऊन या."

टपरीवाला जेवायला गेला होता. तो येईपर्यंत थांबणं, मग पुन्हा शेवटून रांग. प्रेशेव्होला पोहोचलो तेव्हा अंगण रिकामं होतं. शाहे बहिणीच्या उंबऱ्यावर बसली. नादिरेच्या चपला तिथेच होत्या. शाहेने त्या उचलून मांडीवर घेतल्या.

"या दीडदमडीच्या पट्टीपायी!" स्कंदेर मला चुरगाळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तिला कशाला बोलतोस? तिला काय कळतंय?"

मला कळत होतं, शाहे. चांगलं कळत होतं. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

पुढे दोन्ही सरकारांनी पट्ट्या बंद केल्या. मी अजून गाडीच्या कप्प्यात आहे, धुळीने माखलेली. ती बातमी आली त्या दिवशी स्कंदेर गाडी पुसता पुसता ओरडला, "आई, सुटलो! आता न थांबता जाता येईल. चल, जाऊन येऊ प्रेशेव्होला."

शाहे दारातच उभी राहिली. "आता कुणाकडे रे?"