पितरांच्या पंधरवड्यातली शांतता

मित्रांनो, मला हात नाहीत, चाकं नाहीत, गंजायला लोखंडही नाही. तरी मी आता जुना झालो आहे. मला लोड बॅलन्सर म्हणतात. दूरच्या एका मोठ्या संगणकघरात कुणीतरी मला ओळ ओळ लिहून घडवलं. एखाद्या संकेतस्थळावर माणसं आली, की ज्या संगणकाला उसंत आहे त्याच्याकडे त्यांना पाठवायचं, हे माझं काम. चांगला वाढपी पंगतीत रिकामं पान हेरतो, तसंच.

पाथर्डीकडच्या एका संस्थेने मला भाड्याने घेतलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी ती हंगामी वसतिगृह चालवते. आईबाप फडावर गेले तरी मुलगी शाळेत राहावी म्हणून. तिथली सगळी कामं मी चोख केली. "गडी गुणाचा आहे," असं संस्थेचे राधाकृष्ण सर म्हणायचे आणि मी फुगायचो.

गेल्या साली प्रवेशाचे अर्ज नेमके पितृपक्षात सुरू झाले. केडगावात बसून माझी व्यवस्था बघणाऱ्या रोहिणीताईंपुढे दोन पर्याय होते. मिनिटाला ठराविक माणसं पेलणारी कुवत घ्यायची, भाडं कमी. नाहीतर गर्दीप्रमाणे वाढणारी, म्हणजे भाडंही वाढणार. पंधरवडा सरता सरता त्यांनी माझ्याकडे त्या पंधरा दिवसांचे आकडे मागितले.

मी ऐटीत सांगितलं, मिनिटाला फार तर पंधरा माणसं!

"मग चाळीसची ठराविक कुवत पुष्कळ झाली, सर," ताई ऑनलाइन बैठकीत म्हणाल्या. ती बैठकही माझ्यातूनच चालली होती.

"घ्या. उरलेल्या पैशात पोरींना चादरी आणू," सर म्हणाले.

आकडे खरे होते. पण पितरांच्या दिवसांत कुणी नव्या कामाला हात लावत नाही, हे माझ्या आकड्यांत नव्हतं. ताईंना ते ठाऊक असणार, पण माझ्या आकड्यांवर त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. तो विश्वास मला आजही टोचतो.

घटस्थापनेच्या सकाळी घट बसले आणि सारा तालुका फोन घेऊन माझ्या दारात आला. चाळीस आत, बाकीचे बाहेर. ज्यांच्या घरी चार-चार फोन होते ते रेटून आत शिरले. तासाभरात वसतिगृहाच्या उरलेल्या दोनशे जागा संपल्या.

दुपारी तक्रारीच्या पानावरून एक आवाज माझ्यातून गेला. ऊसतोडीला जाणाऱ्या मालनबाईंचा.

"आवो ताई, घट बसल्या बसल्या दाबाया लागले. बारा येळा दाबलं. आता जागा न्हाई म्हनतंय. माझंच बोट चुकत आसंल, आमी आडानी मान्सं. पर राजेश्वरी सातवीत हाय, लई हुशार हाय. तिच्या हातात आता कोयता देऊ व्हय?"

मी माझी नोंद चाळली. मालनबाई पहिल्या शंभरात आल्या होत्या. मीच त्यांना बाराही वेळा परतवून लावलं होतं.

ताईंनी संध्याकाळी वाढती कुवत घेतली. वरातीमागून घोडं! दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी निघाली आणि राजेश्वरी आईबापाबरोबर गेली. मला तर लाज लपवायला तोंडही नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारख्याला कामाला लावाल. तेव्हा आकडे मला खुशाल विचारा, पण ते असे का आहेत हे माणसांना विचारा. आणि कोल्हारकडच्या एखाद्या फडात मोळ्या बांधणारी राजेश्वरी भेटली, तर तिला एवढं सांगा, की तुझ्या आईचं बोट चुकलं नव्हतं. चुकलो मी.