पाहुण्याचा गूळ

दुपारच्या निवांत घरात डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं. मी लॅपटॉप बाजूला ठेवून कान दिला. सासूबाई झोपल्या होत्या. स्वयंपाकघरातून माझ्या पाच वर्षांच्या मैनाचा आवाज आला, "बसा हं, पाहुणे."

सकाळीच डॉक्टर मला बोलले होते. माझ्या सासऱ्यांची, आप्पांची, रक्तातली साखर, गोळ्या घेऊनही, तीनशेवर. "विसरण्याचा सगळा दोष साखरेला देता येत नाही. पण ती अशीच चढती राहिली, तर उरलंसुरलं लवकर जाईल. घरात गोड कोण देतं त्यांना?"

"कोणीच नाही," मी ठणकावून सांगितलं होतं. चहा बिनसाखरेचा होऊन दोन वर्षं झाली होती.

आता दारातून पाहिलं, तर आप्पा खुर्चीत, हातात पाण्याचा पेला. मैना त्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवत होती.

"कुणाची गं तू?"

"विश्वजीतची."

"आमच्या विश्वजीतची? शानी हायेस!" मुलाच्या नावानं त्यांचा चेहरा फुलला. एरवी ते दिवसदिवस तिच्याकडे बघतही नाहीत.

"मम्मी, आजोबा आज चौथ्यांदा आले," मैना म्हणाली.

आप्पांचं हे रोजचंच: जिन्यापर्यंत जायचं, आपण कुठे निघालो ते विसरायचं, परत येऊन बेल वाजवायची. आणि दारी आलेल्याला आधी गूळपाणी, हे तिला आजीनंच शिकवलेलं.

सासूबाई उठून आल्या.

"आई, अहो, गूळ कशाला देता त्यांना?"

"मग? साखर हाय व्हय ती? मांजरी गावाला जन्मभर गुऱ्हाळ केलं त्यांनी. गुळानं कुणाला काय झालंय?"

"पोटात गेल्यावर गूळ काय अन् साखर काय, रक्तात एकच."

त्या खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझं नाव बी येत न्हाई आता त्यांना. गूळ दिला की तेवढं गोड हसत्यात. म्हटलं, असू दे."

मी गुळाचा डबा उचलून माळ्यावर सारला. मग मैनाला मांडीवर घेतलं. "उद्यापासून आजोबांना नुसतं पाणी द्यायचं. गुळानं त्यांना सगळ्याचा विसर पडेल, बाळा."

तिनं माळ्यावरच्या डब्याकडे पाहिलं.

"नुसतं पाणी दिलं, तर ते मला विचारतील का, कुणाची गं तू म्हणून?"