आधी सांग, मग हात लाव

सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवायला नको. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा. मी लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. दिवसभर वाफेत उभं राहिल्यावर घरी जिभेलाही वाफ सुटते. सासूबाई बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होत्या. परक्या बायकांचं त्यांनी जन्मभर सगळं सगळं केलं, पण घरात शिरल्या की तोंडात मिठाची गुळणी. माझ्या दोन्ही बाळंतपणांत, त्याच दवाखान्यात असून, त्यांनी मला हात लावला नाही. "घरचं माणूस नको," म्हणाल्या आणि दुसऱ्या आयेला पाठवलं. हे मी कधी विसरले नाही, आणि त्यांनाही विसरू दिलं नाही.

पुढे कॅन्सर त्यांच्या हाडांत उतरला. दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी जहाल गोळ्या दिल्या. दुखणं कमी झालं, पण गोळ्यांनी पोट बांधलं गेलं. आगीतून फुफाट्यात. रेचक झालं, औषधाची गोळी खालून ठेवून झाली, कशाचा उपयोग नाही. पोटाचा नगारा झाला, घास जाईना. डोकंही मधूनमधून हलायला लागलं होतं. कधी मला ओळखायच्या, कधी भिंतीशी बोलायच्या.

डॉक्टर घरी येऊन पोट चाचपून गेले. म्हणाले, "आतडं अडकलेलं नाही, मळ घट्ट बसलाय. एनिमा द्या. पण उद्यापर्यंत साफ झालं नाही, किंवा उलट्या लागल्या, तर वॉर्डात आणावं लागेल."

वॉर्ड म्हटलं की सासूबाईंचे डोळे विस्फारायचे. अंथरुणाला खिळायच्या आधीच त्यांनी मुलाकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, शब्द घेतला होता. "मला तिथे मरू देऊ नकोस. तिथला पडदा अर्धाच सरकतो." एकदा तिथे गेल्या की परत येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

एजन्सीची नर्स आली. तिला पुढच्या घरी जायची घाई. तिने पिशवी खिडकीच्या गजाला उंच टांगली, नळाचं गार पाणी भरलं आणि एका शब्दाने न सांगता मागून नळी लावायला गेली. सासूबाई किंचाळल्या आणि वळून तिच्या मनगटाला चावल्या. तोंडात दात उरले होते चार, पण घेतला चावा. नर्स गेली ती गेलीच. त्यानंतर सासूबाई कुणाला पांघरुणाला हात लावू देईनात. हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईचं असलं काही पाहायची त्यांची छाती नव्हती, आणि मला त्यांचा रागही आला नाही.

म्हणजे उरले मी.

दुपारची वेळ होती. मी एनिमाचं सामान ताटात मांडलं. कपडे खराब होऊ नयेत म्हणून कपाटातून सासूबाईंचाच जुना पांढरा एप्रन काढून बांधला आणि खोलीत गेले. त्या उशांना टेकून बसल्या होत्या. मला आता बोलणी बसणार, या तयारीने मी कंबर कसूनच उभी राहिले.

त्यांनी एप्रनकडे पाहिलं. "नवी का गं तू?"

"अहो आई, मी..." असं अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं. "हो. आजच लागले."

"शिकवलंय का कुणी?"

"नाही."

"मग आधी झोप इथे. डाव्या कुशीवर."

मी बघतच राहिले. त्या कशाबशा सरकल्या आणि कॉटवर माझ्यासाठी जागा केली. "अगं बघतेस काय? आमच्याकडे नवी मुलगी आधी स्वतः झोपते. पाठमोरं पडलं की मागे कोण काय करतंय ते दिसत नाही. ते कळल्याशिवाय मी कुणाच्या हातात नळी देत नाही."

झोपले. भिंतीला पोपडे आले होते, तेवढेच दिसत होते. मागे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "उजवा गुडघा पोटाशी घे. हां. आता तुझ्या अंगावर चादर टाकते." मग चादर आली. "आता पाठीला हात लावते हं, बाळ." मग हात आला. ऊबदार होता. "घाबरू नकोस. मी आहे. दुखलं तर थांब म्हणायचं, मी थांबेन. कळलं? आधी सांग, मग हात लाव. माणसाला पाठीमागे डोळे नसतात."

इतक्या वर्षांत त्यांनी मला बाळ म्हटलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून मी मुक्याने रडले, आणि खरं सांगते, रागही आला. एवढं सगळं होतं हिच्यापाशी, तर ठेवलं होतं कुठे? आणि आत्ताही ते मला मिळत नव्हतं. ते त्या नव्या मुलीला मिळत होतं.

"चल, ऊठ. पेशंट आण."

"पेशंट नाहीये. तुम्हीच व्हा. नाहीतर मला शिकता यायचं नाही."

त्यांनी विचार केला. "बरं. पण चुकलीस तर ओरडेन."

मी दार लावलं, पडदा पूर्ण ओढला. खाली प्लास्टिक आणि त्यावर जुना टॉवेल घातला. शौचाचं भांडं हाताशी ठेवलं. "भांडं आधी, पाणी नंतर," त्या म्हणाल्या. "ऐन वेळी भांडं शोधायला पळालीस, की त्या बाईची अब्रू गेली."

डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच मिठाचं पाणी मी कोमट करून आणलं होतं. "साबण नाही ना घातलास? पूर्वी आम्ही घालायचो. बायका तळमळायच्या." त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि झटकलं. "गरम आहे हे! कशाने बघितलंस?"

"हाताने."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. "हा तळहात मेलाय. मनगटाच्या आतल्या बाजूने बघायचं. इस्त्री करायचीस का गं?"

"हो."

"माझी सूनही करते. तिचेही हात असेच झालेत."

माझे तळहात त्यांनी कधी पाहिले, कोण जाणे.

पाणी निववलं, मनगटावर पाहिलं. गरमही नाही, गारही नाही, असं झालं तेव्हा पिशवीत भरलं. "नळीचा चिमटा उघड, थोडं पाणी ताटात सोड. नळीतली हवा गेली पाहिजे, नाहीतर पोटात कळ येते." सोडलं. टोकाला जेली लावली. मग त्या कुशीवर वळल्या. भिंतीकडे तोंड करताना क्षणभर घाबरल्या, ते मला त्यांच्या खांद्यावरून कळलं. कारण त्या जागेवरून काय दिसतं ते मी नुकतंच पाहिलं होतं.

"आई... म्हणजे बाई, चादर वर करते, लागेल तेवढीच. आता हात लावते. आता नळी लावते. तोंडाने श्वास सोडा."

"बेंबीच्या दिशेने," त्या भिंतीला म्हणाल्या. "बोटभर, जास्त नाही. अडलं तर ढकलायचं नाही. जोर करायला ते काय बाटलीचं बूच आहे?"

अडलं. मी थांबले, जरा मागे घेतली. त्यांनी पुन्हा श्वास सोडला आणि नळी आपोआप सरकली. पिशवी मी टांगली नाही, हातातच धरली, कमरेहून जराशी वर. पाणी सावकाश जाऊ दिलं. मध्येच त्यांचं अंग आखडलं.

"थांब."

मी लगेच पिशवी खाली केली, चिमटा लावला. "थांबलेय बघा. मी आहे."

"शहाणी आहेस. बरं, सोड आता."

पाणी संपल्यावर नळी हळूच काढली, तीही सांगून. थोडा वेळ आवरून धरायचं असतं. तेवढा वेळ मी त्यांच्या पोटावरून हलका हात फिरवला, तोही विचारून. मग म्हणाल्या, "भांडं." भांडं दिलं, उशांचा आधार दिला आणि तोंड फिरवून उभी राहिले, पण खोलीबाहेर गेले नाही. कारण तेही त्यांनी सांगितलं होतं. त्या वेळी माणूस अगदी एकटा पडतो.

बराच वेळ लागला, पण पोट मोकळं झालं. रक्त नाही, काही नाही. पुसून, कोरडं करून, अंगावर धुतलेला गाऊन चढवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची आठी किती तरी दिवसांनी गेली होती. वॉर्ड टळला. मी भांडं उचलायला वाकले तर त्यांनी एप्रनचं टोक धरलं.

"माझ्या सुनेला यातलं सांगू नकोस हं."

"का?"

"घरच्या माणसाने असं उघडं पाहिलं, की मग ते आपल्याकडे पूर्वीसारखं बघत नाही. कीव करतं. जन्मभर पाहिलंय मी. तिच्या बाळंतपणात म्हणूनच आत गेले नाही. बाहेर बाकावर बसून होते दोन्ही वेळा. मी आत गेले असते, तर पुन्हा माझ्यापुढे मान वर करून भांडली असती का ती?" त्या डोळे मिटून हसल्या. "फार भांडते. तेवढं राहू दे मला."

न्हाणीघरात जाऊन मी नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. एवढी साधी गोष्ट. बाकावरून उठून एकदा आत यायचं होतं, किंवा नंतर एकदा सांगायचं होतं. मीही कधी विचारलं नाही. टोमणे मारले, पण विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी दोन बायका झाले. एप्रन बांधला की नवी मुलगी. एप्रन सोडला की सून. नवी मुलगी मऊ बोलायची, सांगून हात लावायची. आणि सून? सून दारातूनच सुरू व्हायची. "चहा गार आहे म्हणे! मग उठा आणि स्वतः करा." आत माझं काळीज तुटत असायचं आणि तोंडाने मी तडतडत असायचे. हे म्हणायचे, "अगं, आता तरी." त्यांना कसं सांगू? मी भांडले की त्यांच्या आईच्या गालावर रंग यायचा. "जिभेला हाड नाही हिच्या," असं म्हणून त्या घोटभर चहा जास्त प्यायच्या.

शेवटी शेवटी भांडायलाही त्यांना दम पुरेना. एका सकाळी अंग पुसून, एप्रन खुंटीला टांगून, मी चहा घेऊन गेले. सून म्हणून. त्यांनी हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ओळखलं. आता काहीतरी म्हणतील. मी कप घेऊन वाकले.

"तो चहा मला नको," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेला होता. "त्या नव्या मुलीला दे. सकाळपासून राबतेय. हात फार हलका आहे तिचा." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुझ्यासारखी नाही."

"माझ्यासारखी कशाला असेल?" मी म्हटलं. "माझ्यासारखी असती तर कधीच पळून गेली असती."

त्यांना बरं वाटलं. डोळे मिटून त्या हसल्या. दुपारी त्यांच्याच कॉटवर, पूर्ण ओढलेल्या पडद्याआड त्या गेल्या.

अंग पुसायला मी पाणी आणलं. हे उंबऱ्यात उभे होते, रडून रडून डोळे सुजलेले. मी मनगट बुडवून पाहिलं आणि पाणी परत गॅसवर ठेवायला निघाले, तर म्हणाले, "राहू दे गं. आता तिला काय कळणार आहे?"

मी पाणी कोमट करून आणलं, मनगटाच्या आतल्या बाजूने पुन्हा पाहिलं. एप्रन खुंटीवरच राहू दिला. दार लावून घेतलं आणि कॉटशी बसले.

"आई, मी आहे. तुमची सून," मी म्हटलं. "आता कूस बदलते हं."

आणि मग हात लावला.